उंदीर, अफू आणि मेंदूंतील कुलुपें

उंदीर हा प्राणी कोणाच्याहि घरांत आवडीचा पाहुणा नव्हे. धान्याच्या कणगीस भोंक पाडणारा, कपाटांतील पुस्तकें कुरतडणारा आणि रात्रीं आढ्यावर धांवाधांव करून झोंप मोडणारा, अशीच त्याची ख्याति आहे. परंतु प्रयोगशाळेंत ह्याच क्षुद्र जीवाला फार मोठा मान आहे. मनुष्याच्या मनांत इच्छा कशी उत्पन्न होते, ती बळावून तिचें व्यसन कसें बनतें, आणि एकदां जडलेलें व्यसन सुटतां सुटत नाहीं तें कां, असल्या गहन प्रश्नांचीं उत्तरें विद्वानांनीं गेल्या कांहीं दशकांत ह्या उंदरांकडूनच मिळविलीं आहेत. तीं उत्तरें आमच्या विद्यार्थिमित्रांस सोप्या भाषेंत सांगावीं, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम अफूकडे वळूं. खसखशीच्या हिरव्या बोंडास चीर पाडली असतां जो पांढरा चीक पाझरतो, तो वाळला म्हणजे अफू तयार होते. हिचा परिचय आपल्या देशास फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत माळव्यांतील अफू मुंबई बंदरांतून चीन देशास जात असे, व त्या व्यापारावर मुंबईंतील कित्येक पेढ्या गबर झाल्या. त्याच मुंबईंत पुढें गिरण्या निघाल्या, तेव्हां कामावर जाणाऱ्या गरीब बायका आपल्या तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत. मूल रडत नसे हें खरें; पण भूक लागली तरीहि तें रडत नसे, आणि मात्रा अधिक झाल्यास श्वास मंद होऊन तें कायमचेंच निजण्याचें भय असे. उलटपक्षीं, शस्त्रक्रियेनंतरच्या असह्य वेदनेंत किंवा कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत रोग्यास जें औषध दिलासा देतें, तेंहि ह्याच चिकांतून निघतें. सन १८०५ च्या सुमारास फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर नांवाच्या तरुण जर्मन औषधकारानें अफूंतील हें मुख्य द्रव्य वेगळें काढलें. ग्रीक पुराणांतील स्वप्नांच्या देवाच्या नांवावरून त्यास मॉर्फीन म्हणूं लागले.

एकच द्रव्य वेदना शमवितें, मनास सुख देतें, आणि तेंच मनुष्यास आपला दास करून सोडतें. हीं तीन कार्यें तें कसें करतें? आणि त्यांतील पहिलें ठेवून तिसरें टाळतां येईल काय? आमच्या लेखाचा विषय तो हाच. हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. ज्या घरांत व्यसन शिरलें आहे, त्या घरांतील माणसांस तो रोज भेडसावतो.

मॉर्फीन अत्यंत अल्प प्रमाणांतहि गुण देतें. शिवाय ह्या वर्गांतील कित्येक औषधांच्या रेणूंचीं डाव्या व उजव्या हातांप्रमाणें दोन रूपें असतात. त्यांतील एक रूप गुणकारी ठरतें, तर दुसरें वेदनेवर जवळजवळ निष्फळ असतें. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातांत नीट बसत नाहीं, तसाच हा प्रकार. ह्यावरून विद्वानांनीं असें अनुमान केलें कीं, मेंदूंतील पेशींवर कांहीं ठराविक घडणीचीं कुलुपें असलीं पाहिजेत, आणि मॉर्फीन ही त्यांची किल्ली असली पाहिजे. सन १९७३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, कॅन्डेस पर्ट व सॉलोमन स्नायडर ह्यांनीं हें अनुमान सिद्ध केलें. किरणोत्सर्गी खूण केलेलें एक औषध त्यांनीं मेंदूच्या वाटलेल्या ऊतकांत मिसळलें, व तें पेशींच्या ठराविक जागींच चिकटून बसतें असें दाखविलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें एरिक सायमन व स्वीडनमध्यें लार्स टेरेनिअस ह्यांनींहि स्वतंत्रपणें तीच गोष्ट दाखविली. ह्या कुलुपांस इंग्रजींत रिसेप्टर असें नांव आहे. आम्ही ह्या लेखांत 'ग्राही' हा शब्द योजूं.

आतां येथें एक शंका निघणें साहजिक आहे. निसर्गानें प्राण्यांच्या मेंदूंत खसखशीच्या चिकासाठीं कुलुपें कां करून ठेवावीं? शेतांतील एका झाडाचा आणि मेंदूच्या रचनेचा संबंध काय? ह्या शंकेचें उत्तर दोनच वर्षांनीं मिळालें. सन १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरीं जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ ह्यांनीं डुकराच्या मेंदूंतून पांच पांच अमिनो आम्लांचीं दोन लहान द्रव्यें वेगळीं काढलीं, आणि तीं मॉर्फीनप्रमाणेंच कार्य करतात असें दाखविलें. त्यांस एन्केफॅलिन असें नांव मिळालें. म्हणजे कुलूप शरीराचें, किल्लीहि शरीराचीच. खसखशीनें योगायोगानें बनविली ती केवळ बनावट किल्ली. मात्र ही बनावट किल्ली खऱ्या किल्लीपेक्षां अधिक वेळ टिकते, कारण शरीर आपल्या किल्ल्या वापर होतांच मोडून टाकतें, तसें मॉर्फीनचें होत नाहीं. अनर्थाचें एक मूळ येथेंच आहे.

पुढें असें दिसून आलें कीं, हे ग्राही मुख्यतः तीन जातींचे आहेत. त्यांस ग्रीक अक्षरांवरून म्यू, डेल्टा व काप्पा अशीं नांवें पडलीं. म्यू हें अक्षर मॉर्फीनच्या आद्याक्षरावरून घेतलें. डेल्टा हें नांव, उंदराच्या शरीरांतील ज्या नलिकेवर प्रयोग करतांना ही जात आढळली, तिच्या लॅटिन नांवावरून आलें. शरीराच्या किल्ल्यांपैकीं एन्डॉर्फिन व एन्केफॅलिन ह्या बहुधा म्यू व डेल्टा ग्राहींस लागतात, आणि डायनॉर्फिन नांवाची किल्ली काप्पा ग्राहीस लागते. ह्या तिन्ही भावंडांचे स्वभाव मात्र एक नाहींत, हें पुढें दिसेलच.

आतां आमच्या कथेंतील दुसरें पात्र पुढें येतें. तें म्हणजे डोपामीन. आपल्या सर्पगंधा नांवाच्या वनस्पतींतून रेसर्पिन हें औषध निघतें. सन १९५७ सालीं स्वीडनमधील आर्विड कार्लसन ह्यांनीं सशांस हें औषध दिलें, तेव्हां ते दगडासारखे निश्चल झाले. नंतर त्यांस, ज्यापासून शरीर डोपामीन तयार करतें, तें एल-डोपा नांवाचें द्रव्य दिलें असतां ते पुन्हां हिंडूंफिरूं लागले. डोपामीन हा मेंदूंतील एक स्वतंत्र निरोप्या आहे, हें अशा प्रयोगांनीं कळून आलें, व ह्या कार्याबद्दल कार्लसन ह्यांस सन २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यापूर्वींच, सन १९५४ सालीं, कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठांत जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर ह्यांनीं मोठ्या जातीच्या उंदरांच्या मेंदूंत बारीक तारा बसवून पाहिल्या होत्या. दांडी दाबली कीं मेंदूच्या एका विशिष्ट भागास विजेचा सूक्ष्म झटका मिळावा, अशी योजना होती. ते उंदीर तो झटका मिळावा म्हणून तीच दांडी पुनःपुन्हां दाबीत राहिले. अशा प्रयोगांवरून मेंदूंत इच्छेचा एक राजमार्ग आहे, हें लक्षांत येऊं लागलें. मध्यमेंदूच्या तळाशीं डोपामीन बनविणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथून निघालेले तंतु मेंदूच्या पुढील भागांतील न्यूक्लिअस ॲक्युम्बेन्स नांवाच्या गांठीपर्यंत पोंचतात. पहिल्या जागेस आपण 'उगम' म्हणूं व दुसरीस 'मुक्काम' म्हणूं, म्हणजे कठीण नांवांचा जाच होणार नाहीं.

डोपामीन म्हणजे सुख, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें; परंतु तें पूर्णपणें बरोबर नाहीं. सन १९९५ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें रिचर्ड पामिटर व त्यांचे सहकारी ह्यांनीं असे उंदीर निर्माण केले, कीं ज्यांच्या मज्जापेशींस डोपामीन बनवितांच येत नाहीं. हीं पिलें जन्मतः धडधाकट दिसत. परंतु कांहीं आठवड्यांतच तीं मंद होत, खाणेंपिणें सोडीत, व औषध न दिल्यास उपाशी मरून जात. असें असूनहि, साखरेचें पाणी व साधें पाणी अशीं दोन्हीं पुढें ठेविलीं, तर तीं जें थोडें पीत त्यांत साखरेच्या पाण्यालाच पसंति देत. म्हणजे गोडाची आवड नष्ट झाली नव्हती. उठून त्या गोडापर्यंत जावें, ही उमेद नष्ट झाली होती. ह्यावरून डोपामीनचें मुख्य कार्य सुख भोगणें हें नसून, 'हें मिळविण्याजोगें आहे, चल' अशी हांक देणें हें आहे, असें म्हणणें अधिक युक्त होईल. आवड निराळी आणि ओढ निराळी. व्यसनी मनुष्यास पुष्कळदां आपल्या व्यसनाचा वीट आलेला असतो, तरीहि त्याची ओढ कमी होत नाहीं, ह्याचें रहस्य ह्या भेदांत सांपडतें.

आतां अफूचीं कुलुपें आणि डोपामीनचा मार्ग ह्यांची गांठ कोठें पडते, तें पाहूं. म्यू ग्राही थेट डोपामीनच्या पेशींवर बसून त्यांस चेतवीत असतील, अशी प्रथमदर्शनीं कल्पना होते. परंतु म्यू ग्राहीचा धर्म पेशीस चेतविण्याचा नसून शांत करण्याचा आहे. मग पेशी शांत करणाऱ्या द्रव्यानें डोपामीन वाढावें कसें? हें कोडें सन १९९२ सालीं जॉन्सन व नॉर्थ ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं मोठ्या उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवर प्रयोग करून उलगडलें. उगमाजवळ डोपामीनच्या पेशींच्या शेजारीं दुसऱ्या कांहीं पेशी असतात. त्या गाबा नांवाचें द्रव्य सोडून डोपामीनच्या पेशींस सतत आवरून धरितात. म्यू ग्राही मुख्यतः असतात ते ह्या आवरणाऱ्या पेशींवर. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गांवांत पाटकरी असतो. तो दाराशीं उभा राहून पाणी बेतानें सोडतो. त्या पाटकऱ्यासच कोणी गुंगीचें औषध पाजलें, तर दार सैल पडून पाणी शिवारभर धांवेल. पाण्यास कोणीं ढकललें नाहीं. अडविणारा तेवढा झोंपीं गेला. अफू करते तें हेंच. ती पहारेकऱ्यास निजविते, आणि उगमाकडून मुक्कामाकडे डोपामीनचा लोंढा सुटतो.

परंतु हें सर्व उंदराच्या वागणुकींत दिसतें कसें? उंदीर कांहीं बोलून दाखवीत नाहीं. म्हणून त्यास प्रश्न विचारण्याच्या युक्त्या योजाव्या लागतात. पहिली खूण तर डोळ्यांनींच दिसते. मॉर्फीन दिल्यावर मनुष्य पेंगतो. उंदीर मात्र पिंजऱ्याच्या कडेकडेनें अविरत धांवूं लागतो, व त्याची शेपटी पाठीवर वळून ताठ उभी राहते. शेपटीची ही खूण वॉल्टर स्ट्राउब ह्या जर्मन पंडितानें सन १९११ सालीं नमूद केली होती. धांवण्यामागें मात्र बऱ्याच अंशीं डोपामीनचा हात असतो. येथें आनुवंशिकतेचाहि प्रभाव दिसतो. कारण प्रयोगशाळेंतील कांहीं वाणांचे उंदीर मॉर्फीननें बेभान धांवतात, तर कांहीं वाणांचे फारसे धांवत नाहींत.

दुसरी युक्ति दोन दालनांच्या पेटीची. एका दालनाच्या भिंती पट्ट्यांच्या व जमीन खरखरीत, दुसऱ्याच्या भिंती साध्या व जमीन गुळगुळीत, अशी कांहींतरी व्यवस्था असते. कांहीं दिवस उंदरास एका दालनांत मॉर्फीन देतात, व दुसऱ्यांत नुसतें मिठाचें पाणी टोंचतात. मग एके दिवशीं कांहींहि न देतां मधलें दार उघडून ठेवितात, आणि तो कोठें किती वेळ घालवितो तें मोजितात. ज्या दालनांत त्यास मॉर्फीन मिळालें होतें, तेथेंच तो अधिक रेंगाळला, तर त्या औषधानें त्यास कांहींतरी हवेंसें दिलें होतें, असें समजावयाचें. उलट तो तें दालन टाळूं लागला, तर त्या औषधानें त्यास त्रासच झाला होता, असें ठरतें. तिसरी युक्ति दांडीची. दांडी दाबली तर औषध मिळतें, आणि त्यासाठीं उंदीर किती श्रम करण्यास तयार आहे, हें मोजितां येतें.

ह्या युक्त्यांच्या जोडीस पुढें आनुवंशशास्त्राचें हत्यार आलें. सन १९९२ सालीं फ्रान्समध्यें ब्रिजीत कीफर ह्यांनीं व अमेरिकेंत ख्रिस्तोफर एव्हान्स ह्यांनीं डेल्टा ग्राहीचा जनुक हुडकून काढला, व त्यामागोमाग इतर दोन ग्राहींचे जनुकहि हातीं आले. मग, एखादें कुलूप घडविणारा जनुकच काढून टाकला तर उंदराचें काय होतें, हें पाहणें शक्य झालें. सन १९९६ सालीं कीफर व त्यांचे सहकारी ह्यांनीं म्यू ग्राही नसलेले उंदीर जगापुढें मांडले. त्यांस मॉर्फीन दिलें तर त्यांची वेदना शमली नाहीं. मॉर्फीन दिलेल्या दालनाची त्यांस आवड लागली नाहीं. दीर्घ काळ देऊन तें बंद केलें, तरी त्यांस तळमळ लागली नाहीं. म्हणजे मॉर्फीनचा गुण, मॉर्फीनचें सुख व मॉर्फीनची गुलामी, हीं तिन्ही एकाच कुलुपांतून आंत शिरतात, असें ठरलें. वेदना एका कुलुपानें व व्यसन दुसऱ्या कुलुपानें, अशी सोयीची विभागणी निसर्गानें केलेली नाहीं. वैद्यांपुढील अडचण किती खोल आहे, हें ह्या एका प्रयोगानें स्पष्ट झालें.

तथापि कुलूप एकच असलें, तरी तें मेंदूंत अनेक ठिकाणीं बसविलेलें आहे. सन २०१४ सालीं एव्हान्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं म्यू ग्राही नसलेल्या उंदरांत, मुक्कामाच्या परिसरांतील कांहीं ठराविक पेशींपुरते ते ग्राही पुन्हां बसविले. तेवढ्यानेंच त्या उंदरांत मॉर्फीननें डोपामीन वाढूं लागलें, व त्यांस मॉर्फीनच्या दालनाची आवडहि परत लागली. म्हणजे उगमाप्रमाणेंच मुक्कामाजवळील कुलुपांसहि महत्त्व आहे.

काप्पा ग्राहीचा स्वभाव म्यूच्या अगदीं उलट. ह्यास किल्ली लागली म्हणजे मुक्कामाशीं येणारें डोपामीन घटतें. काप्पास चेतविणारें औषध ज्या दालनांत मिळालें, तें दालन उंदीर टाळूं लागतो. आणि मनुष्यासहि अशा औषधानें उदासपणा व बेचैनी येते. ह्या कुलुपाची किल्ली जें डायनॉर्फिन, तें संकटकाळीं शरीर स्वतःच सोडतें. सन २००३ सालीं सिॲटल येथें उंदरांस पाण्यांत पोहावयास भाग पाडून त्यांची दमछाक केली, व मग कोकेन दिलेल्या दालनाची त्यांस किती ओढ लागते तें पाहिलें. कोकेन हें डोपामीन वाढविणारें द्रव्य आहे. दमविलेल्या उंदरांस ही ओढ इतरांहून अधिक लागली. परंतु ज्यांच्या शरीरांत डायनॉर्फिनचा जनुकच नव्हता, त्यांच्यांत हा फरक पडला नाहीं. दुःखानें व धास्तीनें ग्रासलेलें मन व्यसनाकडे अधिक लवकर कां झुकतें, ह्याचा एक धागा येथें हातीं लागतो. तिसरा भाऊ डेल्टा. तो नसलेले उंदीर अधिक भित्रे व खिन्न वागतात, असें सन २००० सालीं आढळून आलें.

येथवर वाचून कोणास असें वाटेल कीं, अफू म्हणजे डोपामीन व डोपामीन म्हणजे व्यसन, असा सरळ हिशेब झाला. परंतु निसर्ग इतका सोपा नाहीं. सन १९९७ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, डोपामीनच्या ग्राहींपैकीं डी-२ नांवाचा ग्राही नसलेल्या उंदरांस मॉर्फीनच्या दालनाची आवड लागत नाहीं. अन्नाची आवड मात्र लागते. ह्यावरून डोपामीनवांचून अफूचें सुख नाहीं, असें वाटलें. पण सन २००५ सालीं सिॲटलच्या त्याच मंडळींनीं आपल्या डोपामीन नसलेल्या उंदरांस मॉर्फीन दिलें. मंदपणामुळें त्यांस हिंडतां यावें म्हणून परीक्षेच्या दिवशीं कॅफीन दिलें, आणि पाहतात तों ते उंदीर मॉर्फीन मिळालेल्या दालनाकडेच गेले! म्हणजे डोपामीन हा राजमार्ग खरा, पण एकमेव मार्ग नव्हे. अफूच्या सुखाला आडवाटाहि आहेत. एका प्रयोगानें सर्व कांहीं सिद्ध झालें असें मानूं नये, हा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें येथें अवश्य घ्यावा.

आतां ह्या विषयांतील सर्वांत दुःखद भागाकडे वळूं. अफू पहिल्यांदां घेतली म्हणजे जें घडतें, तें शंभराव्यांदां घेतल्यावर घडत नाहीं. मॉर्फीन रोज दिलें तर उंदराची वेदना शमविण्यास दिवसेंदिवस अधिक मात्रा लागते. परंतु त्याच उंदराची धांवाधांव मात्र तेवढ्याच मात्रेनें उत्तरोत्तर वाढत जाते. एक परिणाम बोथट होतो व दुसरा धार धरतो. गुण ओसरतो आणि ओढ वाढते. ह्याशिवाय औषध थांबविलें कीं शरीर बंड करून उठतें. मॉर्फीनहून कित्येक पटींनीं तीव्र असें फेंटॅनिल नांवाचें औषध आहे. त्यानें अमेरिकेंत अलीकडच्या काळांत असंख्य तरुणांचे बळी घेतले. त्या औषधावर स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील शास्त्रज्ञांनीं केलेले उंदरांवरील प्रयोग सन २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. उगमाजवळील म्यू ग्राही कमी केले, तेव्हां फेंटॅनिलनें डोपामीन उसळेनासें झालें व त्याची गोडीहि लागेनाशी झाली. पण औषध तोडल्यावरची तळमळ कायम राहिली. उलट, भीतीशीं संबंध असलेल्या ॲमिग्डला नांवाच्या भागाच्या मध्यांतील म्यू ग्राही कमी केले, तेव्हां ती तळमळ नाहींशी झाली.

ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्याजोगा आहे. व्यसनास दोन हात आहेत. एक हात पुढून ओढतो, तो सुखाचा; दुसरा मागून ढकलतो, तो यातनेचा. दोन्हींचीं स्थानें मेंदूंत वेगवेगळीं आहेत. आरंभीं मनुष्य सुखासाठीं घेतो. पुढें सुख उरत नाहीं, तरी यातना टाळण्यासाठीं घेतच राहतो. 'एवढें कळतें, तर सोडीत कां नाहीं?' असें आपण व्यसनी माणसास सहज विचारतों. परंतु ज्याच्यावर हे दोन्ही हात चाललेले आहेत, त्याला नुसतें कळणें पुरेसें होत नाहीं.

मग निसर्गानें असलीं घातक कुलुपें ठेविलींच कशाला? ह्याचें उत्तर उंदराच्या पिलांनीं दिलें आहे. आईपासून दूर केलेलें उंदराचें पिलूं आपल्या कानांस न ऐकूं येणाऱ्या अतिसूक्ष्म स्वरांत टाहो फोडतें. सन २००४ सालीं असें आढळलें कीं, म्यू ग्राही नसलेलीं पिलें आई नसतां फारशीं रडत नाहींत, आणि आईच्या वासाकडेहि विशेष ओढीनें जात नाहींत. थंडी वाजली म्हणजे मात्र तीं इतरांप्रमाणेंच ओरडतात. तेव्हां त्यांचा आवाज गेला होता असें नव्हे. हीं कुलुपें अफूसाठीं नव्हतीं, तर आईच्या उबेसाठीं होतीं. अफू जें चोरते, तें मायेचें दार. गिरणीकामगारणीच्या त्या निजलेल्या बाळाची गोष्ट ह्या दृष्टीनें पाहिली, म्हणजे मन विषण्ण झाल्याशिवाय राहत नाहीं.

ह्या ज्ञानाचा उपयोग झालेला आहे. नॅलॉक्सोन नांवाचें औषध म्यू ग्राहींत जाऊन बसतें, पण त्यास फिरवीत नाहीं. तें मॉर्फीनला मात्र बाहेर ढकलतें. अतिमात्रेनें श्वास थांबत चाललेल्या मनुष्यास तें वेळेवर दिलें, तर कांहीं मिनिटांतच तो पुन्हां श्वास घेऊं लागतो. अमेरिकेंत त्यास सन १९७१ सालीं मान्यता मिळाली. म्यू ग्राही नसलेले उंदीर दारूसाठींहि श्रम करीत नाहींत, असें सन २००० सालीं दिसून आलें. दारू शरीराच्याच किल्ल्या बाहेर काढून हीं कुलुपें उघडविते, हें त्याचें कारण. नॅलॉक्सोनचें भावंड जें नॅलट्रेक्सोन, तें दारूचें व्यसन सोडविण्याच्या कामीं अमेरिकेंत सन १९९४ पासून मान्य आहे. तें कां लागू पडतें, ह्याचा उलगडा ह्या उंदरांनीं केला.

तरीहि दोन गोष्टींचें भान राखिलें पाहिजे. एक ही कीं, उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. मॉर्फीननें एक धांवतो व दुसरा पेंगतो, हा भेदच त्याची साक्ष देतो. उंदरास कुटुंबाची लाज नाहीं, भविष्याची चिंता नाहीं, केलेल्या चुकीचा पश्चात्ताप नाहीं. मनुष्याच्या व्यसनाचें हें अर्धें अंग पिंजऱ्यांत सांपडत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, हें ज्ञान मुक्या जीवांच्या कष्टांतून मिळालें आहे. आपल्या देशांत सन १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें नेमलेली समिति अशा प्रयोगांवर देखरेख करते, हें योग्यच आहे. ज्याच्या दुःखांतून आपण शिकतों, त्याचें दुःख होतां होईल तों कमी करणें हें आपलें कर्तव्य होय.

शेवटीं आमच्या तरुण वाचकांस एवढेंच सांगावयाचें आहे. मनाचा निग्रह ही मोठी गोष्ट आहे, आणि ती थोरांनीं आपल्याला शिकविली आहे. परंतु निग्रहाचें बळ सर्वांत अधिक असतें तें पहिल्या वेळीं, जेव्हां पाटकरी जागा असतो व दार त्याच्या हातांत असतें. त्या वेळीं नाहीं म्हणणें सोपें; पुढें दिवसेंदिवस तें कठीण होत जातें. म्हणून स्वतःविषयीं पहिल्याच वेळीं कठोर असावें. आणि ज्याचा पाटकरी निजला आहे, ज्याच्या शिवारांत पाणी शिरलें आहे, अशा दुर्दैवी माणसास दूषण देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्याला उपदेशाइतकीच वैद्याची गरज आहे, आणि वैद्याइतकीच, ज्या मायेसाठीं तीं कुलुपें मुळांत घडलीं, त्या मायेची.